माघारीचे शास्त्र

बर्फाशी आपली ओळख तशी बेताचीच. रसवंतीगृहात लाकडाच्या भुशात झाकून ठेवलेली लादी, गोळेवाल्याकडचा किसलेला बर्फ आणि हिंदी चित्रपटात गुलमर्गच्या उतारावर स्वेटर घालून गाणे म्हणणारी जोडी, एवढ्यावर आपले हिमज्ञान संपते. त्या चित्रपटांत कधी कधी नायक पायांना लांब पट्ट्या बांधून सुसाट खाली येतो, नायिकेच्या पायाशी आपटतो आणि प्रेक्षक हसतात. बर्फावर घसरणे ही श्रीमंतांची मौज आहे अशी जी आपली समजूत आहे, ती बहुधा या दृश्यांनीच करून दिलेली असावी.

ज्या देशाच्या भाषेतून ‘स्की’ हा शब्द जगभर गेला, त्या नॉर्वेत मात्र गोष्ट निराळी आहे. तिथे स्की ही मौजेची वस्तू होण्याआधी हजारो वर्षे चालण्याचे साधन होती. आपल्याकडे मूल पोहायला शिकते तितक्या सहजपणे तिथले मूल स्कीवर उभे राहायला शिकते. ईस्टरच्या सुट्टीत पाठीवर पिशवी टाकून डोंगरात जाणे हा तिथला जवळजवळ राष्ट्रीय रिवाज आहे. आणि अशा या देशात १९६७ सालच्या ईस्टरमध्ये, एकाच सुट्टीत, निरनिराळ्या अपघातांत अठरा माणसे डोंगरात मेली. बर्फ कधी न पाहिलेली माणसे नव्हती ती. बर्फातच वाढलेल्या समाजावर हा प्रसंग आला होता.

त्यानंतर तेथील गिर्यारोहण संस्था आणि रेडक्रॉस यांनी मिळून डोंगरात वागण्याचे नऊ नियम लोकांपुढे ठेवले. २०१६ साली ते नव्याने लिहिले गेले. पण त्यांतला आठवा नियम आशयाने तसाच राहिला. वेळीच मागे फिरा, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, असे तो सांगतो. हा नियम मुद्दाम लिहून काढण्याची गरज का पडावी? खराब हवेत स्कीवरून निघालेल्या माणसाचे नेमके काय होते हे समजल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. म्हणून आधी थोडी तोंडओळख करून घेऊ.

पट्टी, कातडे आणि मेण

‘स्की’ या शब्दाचा मूळ अर्थ चिरलेल्या लाकडाची फळी असा आहे. उत्तर स्वीडनमधील काल्व्हट्रेस्क येथे १९२४ साली सापडलेली स्की पाच हजार वर्षांहून जुनी आहे. तत्त्व साधे आहे. मऊ बर्फात माणसाचा पाय मांडीपर्यंत रुततो, कारण सगळे वजन दोन पावलांच्या इवल्याशा जागेवर पडते. तेच वजन लांब पट्टीवर पसरले की माणूस बर्फाच्या वर राहतो, आणि पट्टी गुळगुळीत असल्यामुळे पुढेही सरकतो.

आपण चित्रपटात पाहतो ते स्कीइंग म्हणजे यांत्रिक पाळण्यात बसून वर जायचे आणि घसरत खाली यायचे. स्कीयात्रा याहून वेगळी. तिथे चढही स्वतःच्याच पायांनी चढायचा असतो. आता गुळगुळीत पट्टीवर उभे राहून चढ कसा चढायचा? त्याच्या दोन युक्त्या आहेत. एक म्हणजे पट्टीच्या तळाला केसाळ पट्टा चिकटवणे. पूर्वी तो सीलच्या कातड्याचा असे, आता अंगोरा शेळीच्या लोकरीचा किंवा नायलॉनचा असतो. मांजराच्या पाठीवरून शेपटीकडे हात फिरवला तर तो अलगद सरकतो, उलट फिरवला तर केस उभे राहतात. तसेच हे केस पुढे सरकू देतात आणि मागे घसरू देत नाहीत. दुसरी युक्ती मेणाची. कडक थंडीसाठी हिरवे, त्याहून कमी थंडीसाठी निळे, शून्य अंशाच्या आसपास तांबडे, असे रंगांवरून ओळखायचे मेणाचे प्रकार असतात. बर्फाचे कण मेणात किंचित रुततात, पायाला पकड मिळते, आणि जोर देऊन सरकले की पकड सुटते. पट्टी पुढच्या बाजूला बुटाला अडकवलेली असते आणि टाच मोकळी, त्यामुळे चाल साधारणतः आपल्या चालण्यासारखीच पडते.

पाठीवरच्या पिशवीत नकाशा, होकायंत्र, फावडे, वारारोधक कपड्याची मोठी थैली, लोकरीचे जादा कपडे, गरम पेयाचा थर्मास आणि खाणे. संत्री आणि चॉकलेट हे तर ईस्टरचे ठरलेलेच खाणे. तिथे १९३७ पासून विकल्या जाणाऱ्या एका लोकप्रिय चॉकलेटच्या वेष्टनाच्या आतल्या बाजूला वर सांगितलेले नऊ नियम छापले जात आले आहेत. चॉकलेट खाऊन झाल्यावर वाचायला म्हणून!

महाबळेश्वराहून बुटके पठार

या लेखापुरते आपण एकच ठिकाण डोळ्यांपुढे ठेवू. दक्षिण नॉर्वेतील हार्डांगरविडा हे युरोपातील सर्वांत मोठे उंच पठार. क्षेत्रफळ सुमारे ६,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यापेक्षा थोडेसेच लहान. सरासरी उंची मात्र अवघी ११०० मीटर, महाबळेश्वराहूनही कमी! पण हे पठार साठ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे एवढ्या उंचीवर झाड उगवत नाही. मैलोन्‌मैल एकही उभी वस्तू नाही, आणि अटलांटिकवरून येणाऱ्या वाऱ्याला अडवायला काहीही नाही. पठाराच्या उत्तर कडेला ऑस्लो-बर्गन रेल्वेवरचे फिन्से स्थानक आहे, उंची १२२२ मीटर. ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या दुसऱ्या चित्रपटातील बर्फाळ ग्रहाचे चित्रीकरण १९७९ साली याच परिसरात झाले. परग्रह शोधायला त्या मंडळींना पृथ्वी सोडावी लागली नाही, यावरूनच इथल्या ओसाडीची कल्पना यावी.

समजा, चार जणांचा एक गट मार्चअखेरीस सकाळी फिन्से येथून निघाला आहे. वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या विश्रामकुटीत संध्याकाळी पोचायचे आहे. अशा कुट्यांचे जाळे तिथे १८६८ साली स्थापन झालेल्या गिर्यारोहण संस्थेने विणले आहे आणि देशभरात त्यांची संख्या पाचशेवर आहे. काही कुट्यांत रखवालदारही नसतो. शिधा कपाटात असतो, लागेल तेवढा घ्यायचा आणि हिशेब स्वतःच लिहून पैसे भरायचे. हिवाळ्याच्या उत्तरार्धात मुख्य वाटांवर ठराविक अंतराने बर्चच्या काटक्या रोवून खुणा केलेल्या असतात. आकाश निरभ्र असेल तर हा दिवस स्वर्गीय म्हणावा असा. सूर्य, निळ्या सावल्या, पट्ट्यांचा एकसुरी सळसळाट आणि दुपारी उन्हात बसून सोललेले संत्रे.

पण दहा वाजता पश्चिमेचे डोंगर पुसट होऊ लागतात.

पांढरा अंधार

खराब हवा तीन बाजूंनी हल्ला करते. पहिला हल्ला डोळ्यांवर. पावसाळ्यात राजगडावर किंवा हरिश्चंद्रगडावर गेलेल्यांना धुके ठाऊक आहे. तिथे चार हातांवरचा माणूस दिसत नाही, हे खरे. पण पायाखालचा दगड, गवत, चिखल तरी दिसतो. बर्फावरच्या धुक्यात तेही दिसत नाही. वरचे ढग पांढरे, खालचे बर्फ पांढरे, प्रकाश दोहोंमध्ये इकडून तिकडे परावर्तित होत राहतो आणि सर्व बाजूंनी सारखाच येतो. त्यामुळे सावली पडत नाही. सावली नाही म्हणजे खोलगट काय आणि उंचवटा काय हे डोळ्यांना कळत नाही. क्षितिज नाहीसे होते. अशा वेळी माणूस उभ्या उभ्या कलंडतो, कारण आपण सरळ उभे आहोत की तिरके हेच त्याला उमगत नाही. थांबलो आहोत की अजून घसरतोच आहोत, असाही भ्रम होतो. कड्याच्या टोकाशी वाऱ्याने पुढे लोटलेल्या बर्फाचे अधांतरी छज्जे तयार झालेले असतात. त्यांच्यावर पाऊल पडले तरी ते पडेपर्यंत कळत नाही.

या पांढऱ्या अंधारात चालण्याच्या काही जुन्या रीती आहेत. होकायंत्र धरणारा पुढे न राहता मागे राहतो. पुढच्या माणसाला तो ‘थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे’ असे ओरडून सांगतो. पुढचा माणूस म्हणजे त्याचा चालता-बोलता खुणेचा खांब. पुढचा माणूस मधूनमधून बर्फाचा गोळा करून समोर फेकतो. गोळा दिसला तर पुढे जमीन आहे. दिसेनासा झाला तर थांबायचे. उंचीमापक यंत्रही उपयोगी पडते, मात्र ते मुळात वायुभारमापक असते हे विसरता येत नाही. वायुभार एक मिलिबारने उतरला की ते यंत्र आपण सुमारे आठ मीटर वर चढलो असे सांगते. कुटीत निजलेल्या माणसाची उंची एका रात्रीत ऐंशी मीटरने वाढलेली दिसली, तर समजावे की वादळ येत आहे. आज खिशातल्या दूरध्वनीवर उपग्रहाच्या साहाय्याने आपले ठिकाण कळते, आणि ही मोठीच सोय आहे. पण थंडीत त्याची बॅटरी लवकर मान टाकते आणि जाड हातमोजा काढल्याशिवाय बोट चालत नाही. म्हणून जाणती माणसे कागदाचा नकाशा अजूनही बरोबर बाळगतात.

दुसरा हल्ला वाऱ्याचा. शरीराभोवती स्वतःच्या उबेने तापलेल्या हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो सतत उडवून नेतो. उणे दहा अंशांची हवा स्तब्ध असेल तर चालणाऱ्याला सुखाची वाटते. तीच ताशी पन्नास किलोमीटर वेगाने वाहू लागली तर उघड्या कातडीला ती उणे बावीस अंशांसारखी झोंबते. शरीराचे आतले तापमान पस्तीस अंशांच्या खाली गेले की धोका सुरू होतो, आणि या धोक्याची पहिली शिकार स्वतः बुद्धीच असते. माणूस अडखळतो, शब्द बोबडे होतात, गुंड्या लावता येत नाहीत, चिडचिड होते, आणि शेवटी तो निरिच्छ होतो. आपल्याला काही होत आहे हे त्याला पटत नाही. म्हणून अशा दिवशी एकमेकांचे चेहरे पाहत राहणे हे सोबत्याचे पहिले कर्तव्य ठरते. गालावर पांढरा डाग दिसला तर तो हिमदंश. तो ज्याच्या गालावर असतो त्याला दिसत नाही.

साखरेवरची काच

तिसरा हल्ला सर्वांत फसवा, कारण तो वादळ सरल्यावरही टिकून राहतो. वारा बर्फ नुसते उडवत नाही, ते एका बाजूने उचलून दुसऱ्या बाजूला नेऊन घट्ट थापतो. वाऱ्याच्या आडोशाच्या उतारावर अशी जड, सलग लादी तयार होते. तिच्याखाली पूर्वीच्या थंड रात्रींत तयार झालेला सैल, साखरेच्या दाण्यांसारखा थर असला, तर साखरेवर काच ठेवावी तशी अवस्था होते. वरून माणूस गेला की कमकुवत थर कोसळतो, ‘धप्प’ असा पोकळ आवाज येतो, तडा विजेसारखा पसरतो आणि सगळा उतार एकदम चालू लागतो. यालाच लादीचा हिमप्रपात म्हणतात. बहुतेक असे प्रपात तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर होतात, आणि दुर्दैव असे की घसरायला आनंद देणारे उतारही नेमके तेवढ्याच कलाचे असतात. त्याहून विशेष म्हणजे ज्या प्रपातात स्कीवाले सापडतात, त्यांपैकी बहुसंख्य प्रपात त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सोबत्यांनीच सुरू केलेले असतात.

गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढला तर बहुधा वाचतो. त्यानंतर आशा झपाट्याने मावळते; अर्ध्या तासानंतर फारच थोडे वाचतात. बाहेरची मदत एवढ्या वेळात येणे जवळजवळ अशक्य. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर संदेश देणारे व घेणारे छोटे रेडिओयंत्र, पिशवीत जोडून लांब होणारी सळई आणि फावडे असावे लागते. ही तिन्ही साधने सोबत्याचा जीव वाचवण्यासाठी असतात. स्वतःसाठी बाळगलेल्या फावड्याचा स्वतःला काही उपयोग होत नाही!

१९८६ सालच्या मार्चमध्ये उत्तर नॉर्वेत नार्विकजवळच्या वासडालेन या दरीत लष्करी सरावाच्या वेळी हिमप्रपात झाला. एकतीस जवान त्यात सापडले, सोळा मृत्युमुखी पडले. हा धोका दूरदेशीचाच आहे असेही नाही. गुलमर्गच्या अफरवट शिखराच्या उतारावर १ फेब्रुवारी २०२३ रोजी दोन परदेशी स्कीपटू हिमप्रपातात गेले. चित्रपटातले गाणे ज्या डोंगराच्या पायथ्याशी चालते, त्याच डोंगराची ही गोष्ट.

शंभर पावलांवरचे घर

आता पुन्हा हार्डांगरविड्याकडे येऊ. दक्षिण ध्रुवावर १४ डिसेंबर १९११ रोजी पहिले पाऊल ठेवणारा रोआल्ड आमुंडसेन हा या पठारावर मरता मरता वाचला होता. १८९६ च्या जानेवारीत तो आणि त्याचा भाऊ लेऑन पूर्वेच्या मोगेन या वस्तीपासून पश्चिमेच्या गारेन या वस्तीपर्यंत पठार ओलांडायला निघाले. अंतर दोन दिवसांचे, म्हणून सामान बेताचे, तंबू नव्हताच. वाटेतल्या एका रिकाम्या झोपडीत वादळाने त्यांना अडकवून ठेवले. पुढे निघाल्यावर वाट चुकली. एका रात्री त्यांनी खाण्याच्या पिशव्या पायाशी बर्फात ठेवल्या. सकाळी त्या सापडल्याच नाहीत. आणखी एका रात्री आमुंडसेन बर्फात बीळ करून आत निजला. रात्रीत त्याच्यावर बर्फ साचून असे गोठले की त्याला हालचाल करता येईना, ओरडले तर आवाज बाहेर जाईना. भावाने त्याला खणून काढले म्हणून तो पुढे ध्रुवापर्यंत जाऊ शकला. शेवटी दोघे जिथून निघाले होते त्या मोगेनलाच परत आले.

या कथेचा शेवट आमुंडसेनने आपल्या आत्मचरित्रात सांगितला आहे. पुढे त्याला कळले की गारेनच्या शेतकऱ्याला एका सकाळी घरापासून अगदी थोड्या अंतरावर, पूर्वेकडून आलेल्या स्कीच्या खुणा दिसल्या होत्या. म्हणजे हे दोघे भाऊ मुक्कामाच्या जवळजवळ दारापर्यंत पोचले होते, आणि तिथून मागे वळले होते!

इथे चाणाक्ष वाचक म्हणेल, मग माघारीचे गोडवे कशाला? शंभर पावले पुढे गेले असते तर सुटले नसते का? आक्षेप बिनतोड आहे, पण पुरता विचार करू. त्या दोघांना घर शंभर पावलांवर आहे हे ठाऊक नव्हते. घराऐवजी तिथे कडा असता तर? निर्णय मागाहून कळलेल्या गोष्टींवरून तोलायचा नसतो. तो त्या क्षणी माणसाला काय ठाऊक होते यावरून तोलायचा असतो. त्यांची उणीव माघारीत नव्हती. आपण कुठे आहोत हे त्यांना माहीत नव्हते, ही ती उणीव. ज्याला आपला ठावठिकाणा ठाऊक नाही त्याची माघार ही दुसऱ्या दिशेने केलेली भटकंतीच असते. नॉर्वेच्या नियमांत नकाशा आणि होकायंत्राचा नियम सातवा आहे आणि माघारीचा आठवा. हा क्रम ज्याने लावला त्याला डोंगर कळला होता, असे म्हणावेसे वाटते.

सहा जणांचे परत फिरणे

याच पठारावरची दुसरी गोष्ट १९४३ सालची. नॉर्वे तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता. व्हेमोर्क येथील कारखान्यात जड पाणी तयार होत असे, आणि जर्मनांच्या अणुसंशोधनाला ते हवे होते. ते उद्ध्वस्त करण्यासाठी ब्रिटनमध्ये शिक्षण घेतलेले सहा नॉर्वेजियन तरुण १६ फेब्रुवारी १९४३ च्या रात्री हवाई छत्रीने हार्डांगरविड्यावर उतरले. त्यांचा नायक योआखिम रोनेबर्ग तेव्हा तेवीस वर्षांचा होता. म्हणजे आपल्या पदव्युत्तर वर्गातल्या विद्यार्थ्याएवढा.

त्यांच्याएवढे पुढे जाण्याचे कारण क्वचितच कुणाला असेल. महायुद्ध चालू, काम जगाच्या भवितव्याशी निगडित, पठारावर दुसरी चार जणांची तुकडी महिनोन्‌महिने उपासमारीत त्यांची वाट पाहत असलेली. ते स्कीवरून निघाले आणि वादळात सापडले. तेव्हा ते मागे फिरले आणि स्क्रीकेन सरोवराकाठच्या शिकाऱ्याच्या झोपडीत आसरा घेऊन वादळ ओसरेपर्यंत काही दिवस थांबून राहिले. मग त्यांनी दुसऱ्या तुकडीला गाठले, २७ फेब्रुवारीच्या रात्री दरीत उतरून कारखान्यात शिरले आणि जड पाण्याची यंत्रे उडवून दिली. कुणाचाही प्राण गेला नाही. त्यांपैकी पाच जण पुढे सुमारे चारशे किलोमीटर स्कीवरून स्वीडनला पोचले.

हे काम पुस्तकांतून, चित्रपटांतून गाजले. पण चित्रपटात स्फोट दाखवतात. झोपडीत वाट पाहत घालवलेले दिवस कोण दाखवणार? वस्तुतः त्या दिवसांवाचून तो स्फोट झालाच नसता.

मागे फिरणे अवघड का जाते?

एवढे सगळे ठाऊक असताना माणसे पुढे का जातात? अमेरिकेतील अभ्यासक इयन मॅकॅमन यांनी १९७२ ते २००३ या काळातील ७१५ हिमप्रपात-अपघातांचा अभ्यास करून २००४ साली काही निष्कर्ष मांडले. अपघातग्रस्तांत हिमप्रपाताचे शिक्षण घेतलेली माणसेही होती, धोक्याची उघड चिन्हे समोर असतानाही ती गेली होती. त्यांना गोवणारे सापळे बर्फात नव्हते, मनात होते. डोंगर ओळखीचा असला की माणूस बेसावध होतो. एकदा ठरवले म्हणून ठरवलेलेच करतो. गटात कोणी जाणता आहे असे वाटले की बाकीचे विचार करणे सोडून देतात. दुसऱ्या कुणाच्या पट्ट्यांच्या खुणा दिसल्या की वाट सुरक्षित वाटते. आणि सोबत्यांपुढे भित्रे ठरण्याची भीती तर सदैव असतेच.

आपल्या चार जणांच्या गटाकडे पाहा. दुपारचे दोन वाजले आहेत. पुढची काटकी दिसत नाही. प्रत्येकाच्या मनात एकच विचार आहे, आणि प्रत्येकाला वाटते की तो आपल्या एकट्याच्याच मनात आहे. पहिला म्हणतो, मी सर्वांत नवखा, मी कसे सांगू? दुसरा म्हणतो, एवढे चाललो ते फुकट जाईल. तिसरा म्हणतो, कुटीत जागा राखून ठेवली आहे. चौथा नायक, तो म्हणतो, हे तिघे काही बोलत नाहीत, त्याअर्थी त्यांना पुढे जायचे आहे. अशा रीतीने चार शहाणी माणसे मिळून असा एक निर्णय घेतात की जो त्यांच्यापैकी एकानेही एकट्याने घेतला नसता.

यावर उपायही अनुभवातूनच निघाला आहे. माघारीचा निर्णय माघारीच्या जागेवर घ्यायचा नसतो. तो सकाळी, चहा पिताना, डोके गरम कपड्यात आणि विचार थंड असताना घ्यायचा. बारापर्यंत अमुक खिंड आली नाही तर परत. वारा एवढा वाढला तर परत. दोन काटक्या एका वेळी दिसेनाशा झाल्या तर परत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कुणाही एकाने परत म्हटले तर परत, त्याला कारण विचारायचे नाही. या शेवटच्या अटीमुळे नवख्याच्या तोंडालाही शब्द फुटतो. मग वादळात वाद घालावा लागत नाही. सकाळी केलेला करार पाळायचा एवढेच उरते.

आणि परत जाण्याइतकीही ताकद उरली नसेल तर? नववा नियम त्याच्याचसाठी आहे. शक्ती राखा, आणि गरज पडल्यास आसरा घ्या. ज्या बर्फाने घेरले त्याच बर्फात फावड्याने गुहा खणली तर आत वारा येत नाही, आणि बाहेर कितीही थंडी असली तरी आत तापमान शून्याच्या थोडेच खाली राहते. मात्र खणायला अंगात बळ हवे. म्हणजे दमून पडण्याआधीच थांबायला हवे. इथेही पुन्हा वेळेचाच प्रश्न.

मराठी भाषेत ‘माघार’ या शब्दाला पराभवाचा वास चिकटला आहे, याचे खरे तर नवल वाटते. ज्या मातीत गनिमी कावा जन्मला, तिथे तरी मागे वळणे हा युद्धाचाच भाग मानला जायला हवा होता. नॉर्वेत त्या आठव्या नियमातील शब्द आता डोंगरापुरते राहिलेले नाहीत. राजकारणात, व्यवहारात, घरगुती बोलण्यातही ते म्हणीसारखे वापरले जातात. अठरा माणसांच्या मृत्यूनंतर सबंध समाजाच्या जिभेवर बसलेली ही म्हण आहे. आपल्यापैकी फारच थोडे जण कधी स्कीवर उभे राहतील. पण पावसाळ्यात दोर न घेता कड्यावर चढणारे, भरल्या ओढ्यात गाडी घालणारे आणि ‘एवढ्या लांब आलो ते काय परत जायला?’ असे विचारणारे आपल्यातही पुष्कळ आहेत. त्या प्रश्नाचे उत्तर ‘हो, परत जायलाच’ असेही असू शकते. फक्त ते देणारा एक जण गटात असावा लागतो, आणि त्याच्यावर न हसणारे बाकीचे तिघे.